वास कुणाचा? अत्तराचा, कातडीचा की नाकाचा?

‘अत्तर तेच, पण प्रत्येकाच्या अंगावर ते वेगळे होते.’ हे वाक्य दुकानात, जाहिरातींत आणि आता आपल्या घरांतही इतके सहज उच्चारले जाते की ते तपासून पाहावे असे कुणाला वाटत नाही. ऐकायला ते फार गोड आहे. शंभर मिलिलिटरची बाटली लाखो लोक विकत घेतात, तरी प्रत्येकाला वाटते की माझ्या मनगटावरचा वास जगात एकट्या माझाच. पण या वाक्याची दुसरी बाजूही आहे. एका दुकानात माझ्यासमोर विक्रेत्याने एका कॉलेजातल्या मुलीला सांगितले, ‘तुमच्या स्किनवर हे आंबते, सगळ्यांना सूट होत नाही.’ मुलीने हात मागे घेतला आणि बाहीखाली लपवला. अत्तर निवडताना तिला स्वतःच्या कातडीबद्दल एक निकाल मिळाला. त्या निकालाला आधार काय, हा या लेखाचा विषय.

तपासण्यासाठी मी मुद्दाम वादग्रस्त उदाहरण घेतले आहे. मिलानचे एत्रो हे घराणे मुळात कापडासाठी प्रसिद्ध. १९६८ मध्ये स्थापन झालेल्या या घराण्याचे नाव कोयरीच्या नक्षीशी जोडलेले आहे. काश्मिरी शालींवरून युरोपात गेलेली कोयरी ती हीच. त्यांच्या एका अत्तराचे नाव ‘मेस द मिन्वी’, म्हणजे मध्यरात्रीची मिस्सा. नाताळच्या आदल्या रात्री चर्चमध्ये होणारी प्रार्थना. गोव्यात पोर्तुगीज वळणाने तिला ‘मिसा दु गालु’, कोंबड्याची मिस्सा, असेही म्हणतात. या अत्तराची घडण दोन टोकांची आहे. वर बर्गमॉट, संत्रे, मँडरिन ही लिंबूवर्गीय फळे. खाली धूप, बोळ, लॅबडॅनम, पचौली. ते लावणाऱ्यांची मतेही तशीच दोन टोकांना जातात. कुणाला ताज्या संत्र्याची साल आणि मध यांचा वास येतो, कुणाला ओल्या दगडी तळघराचा, बंद पडलेल्या देवळाचा, जुन्या कपाटाचा. एकाच बाटलीविषयी माणसे बोलत आहेत असे वाटू नये, इतका हा फरक आहे. मग कातडीचा सिद्धांत खराच मानायचा काय?

प्रथम ही दोन टोके नीट पाहू. संत्र्याच्या सालीतील तेलाचा नव्वद टक्क्यांहून अधिक भाग लिमोनिन या एकाच पदार्थाचा असतो. नागपुरी संत्र्याची साल मेणबत्तीच्या ज्योतीसमोर दाबली की ठिणग्या उडतात, त्या या लिमोनिनच्याच. त्याचा रेणुभार १३६, उत्कलनबिंदू १७६ अंश सेल्सिअस. रेणू हलका, ध्रुवीय नाही, शेजाऱ्याला धरून ठेवत नाही; त्यामुळे उघड्यावर तो लवकर उडून जातो. बर्गमॉटमध्ये त्याच्या जोडीला लिनालिल ॲसिटेट हे एस्टर असते (उत्कलनबिंदू सुमारे २२०). ते थोडे अधिक टिकते.

दुसऱ्या टोकाला धूप. इथे शब्दांचा घोळ आहे, तो आधी सोडवला पाहिजे. आपल्या बाजारात ‘ऊद’ मागितला तर बहुधा स्टायरॅक्स जातीच्या झाडाचा डिंक मिळतो. अरबीत ‘ऊद’ म्हणजे अगरूचे लाकूड. आणि मराठी बायबलात फ्रँकिन्सेन्सला ऊद म्हटले आहे. ‘लोबान’ हा अरबी शब्दही मुळात फ्रँकिन्सेन्सचाच, पण आपल्याकडे त्या नावाने अनेकदा स्टायरॅक्सच हाती पडतो. चर्चमध्ये जळतो तो फ्रँकिन्सेन्स म्हणजे बोस्वेलिया या झाडांचा डिंक. ओमानचा धोफार भाग, सोमालिया, इथिओपिया हे त्याचे जुने प्रदेश. आपल्या सातपुड्यात, मेळघाटात वाढणारी सालई ही त्याच कुळातली बहीण. या लेखात धूप म्हणजे बोस्वेलियाचा डिंक असे धरू.

या डिंकाच्या तेलात काय असते? पुष्कळशा जातींत अल्फा-पाइनिन हा मुख्य भाग (उत्कलनबिंदू १५६, म्हणजे लिमोनिनपेक्षाही चपळ), आणि त्याच्याबरोबर चक्क लिमोनिन! इथिओपियाकडच्या बोस्वेलिया पॅपिरिफेरा या जातीच्या तेलात तर ऑक्टिल ॲसिटेट भरपूर असते, आणि ऑक्टिल ॲसिटेटचा वास संत्र्याकडे झुकणारा असतो. संत्रे आणि धूप एकत्र आणणे ही सुगंधकाराची अचाट कल्पना वाटते खरी, पण ती दोघे रसायनाच्या नात्याने आधीच शेजारी आहेत. म्हणूनच या अत्तरात फळ कुठे संपले आणि धूप कुठे सुरू झाला, हे सुरुवातीची काही मिनिटे सांगता येत नाही. मला या अत्तरातला हाच भाग सर्वांत आवडतो. तिथे सुगंधकाराने कसब दाखवले आहे, आणि थोडी मदत निसर्गाने केली आहे.

‘जुन्या चर्चचा’ म्हणतात तो वास मात्र पाइनिनचा नव्हे. तो कशाचा, हे शोधायला २०१६ साल उजाडावे लागले. फ्रान्समधील नीस येथील निकोला बाल्दोविनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी धूपाच्या तेलातून दोन आम्ले वेगळी काढली. प्रमाण अत्यल्प, पण वास नेमका तोच. रेणूत तीन कार्बनचे एक कडे, त्याला आठ कार्बनची शेपटी आणि एक आम्लगट. रेणुभार १९८, त्यात आम्लगट हायड्रोजन बंधाने शेजाऱ्याला पकडून ठेवणारा. साहजिकच हा पदार्थ रेंगाळतो. संत्रे गेल्यावर, पाइनिन गेल्यावर, हा उरतो. लॅबडॅनम, पचौली आणि कस्तुरीसारखा वास देणारे कृत्रिम पदार्थ तर त्याहूनही चिवट.

आता त्या भांडणाकडे परत येऊ. बहुतेक अत्तरांत चपळ, मध्यम आणि चिवट पदार्थांची साखळी बरीच सलग असते. या अत्तरात वरचे टोक फार चपळ, खालचे फार चिवट आणि मधला भाग विरळ. त्यामुळे पहिल्या पाच मिनिटांत वास घेणारा आणि तासाभराने घेणारा हे जवळजवळ दोन निराळ्या अत्तरांविषयी बोलत असतात. आमच्या प्रयोगशाळेत आम्ही पाच जणांनी ते मनगटावर लावले, तेव्हा जेवणाच्या सुट्टीत पुरेसे भांडण झाले. मग घड्याळ लावून, एकाच मिनिटाला सगळ्यांनी सगळ्यांची मनगटे हुंगली, तेव्हा भांडण बरेच निवळले. पाच माणसांच्या गप्पांना प्रयोग म्हणता येत नाही, पण काय मोजायला हवे हे त्यातून कळले.

कातडीचा काहीच वाटा नाही काय? आहे, आणि तो किती हे अकरावी-बारावीच्या विद्यार्थ्यांना काढता येईल. लिमोनिनची बाष्पीभवनाची उष्णता मोलमागे सुमारे ४९ किलोज्यूल. क्लॉशियस-क्लापेरॉनचे समीकरण वापरले तर २२ अंशांच्या कागदाच्या पट्टीवर लिमोनिनचा बाष्पदाब जितका असेल, त्याच्या जवळजवळ दुप्पट तो ३२ अंशांच्या मनगटावर असतो. म्हणजे दुकानातली पट्टी आणि आपले मनगट यांत मोठा फरक आहे. पण दोन माणसांच्या मनगटांत? एकाचे मनगट दुसऱ्यापेक्षा तीन अंशांनी गरम आहे असे धरा. बाष्पदाब वाढतो सुमारे वीस टक्क्यांनी. एकाच्या हातावरून संत्रे वीस मिनिटांत उडाले, तर दुसऱ्याच्या हातावरून सोळा-सतरा मिनिटांत. तीन-चार मिनिटे! मिलानच्या डिसेंबरात लोकरी बाहीखालचे मनगट आणि नागपूरच्या मे महिन्यातले उघडे, घामट मनगट यांत जो फरक पडेल, तो एका खोलीत बसलेल्या दोघांतल्या फरकापेक्षा जास्त असावा.

तेलकट कातडी हा दुसरा मुद्दा, आणि तो अधिक वजनदार आहे. लिमोनिन पाण्यात विरघळत नाही, तेलात उत्तम विरघळते. कातडीवर तेल अधिक असेल तर लिमोनिन त्यात बसून राहते आणि सावकाश बाहेर पडते. कोरड्या कातडीवरून ते लवकर जाते. म्हणून आपल्याकडचे जुने अत्तरवाले अत्तर चंदनाच्या तेलात उतरवत आणि फाया कानाच्या पाळीच्या मागे ठेवायला सांगत. तिसरा मुद्दा मात्रेचा. कुणी एकदा फवारतो, कुणी तीनदा. एवढी साधी गोष्ट बोलताना सगळे विसरतात, आणि मग कातडीवर खापर फोडतात.

राहिला सामू. विक्रेत्यांना हा शब्द फार आवडतो. कातडीचा सामू साधारण पाचाच्या आसपास असतो, माणसागणिक थोडा इकडे-तिकडे. पण लिमोनिन आणि पाइनिन ही हायड्रोकार्बने. एवढ्या सौम्य आम्लाशी त्यांना काही देणेघेणे नाही. एस्टर आम्लाने तुटतात हे खरे, परंतु या सामूला आणि या तापमानाला ते इतके हळू घडते की बरेचसे एस्टर तुटण्याआधीच उडून गेलेले असते. ‘तुमच्या सामूमुळे आंबले’ हे वाक्य ऐकायला शास्त्रीय वाटते, पण त्यात शास्त्र नाही.

एकंदरीत पाहता कातडी अत्तराचे घड्याळ पुढे-मागे करते. संत्र्याचा धूप करणे तिच्या हातात नाही.

परंतु शरीराचा स्वतःचा वास असतो, आणि तो अत्तरात मिसळतो, त्याचे काय? हा आक्षेप योग्य आहे. त्यावर प्राग येथील चार्ल्स विद्यापीठाच्या यान हावलिचेक आणि सहकाऱ्यांनी २०१२ मध्ये एक चांगला अभ्यास प्रसिद्ध केला. काही जणांनी एका काखेत स्वतः निवडलेले अत्तर लावले, दुसऱ्या काखेत संशोधकांनी दिलेले. कुठला वास कुठला हे न कळता परीक्षकांनी गुण दिले. स्वतः निवडलेल्या अत्तराबरोबरचे मिश्रण अधिक सुखद ठरले, आणि तेही दोन्ही अत्तरे नुसती हुंगल्यास सारखीच सुखद वाटत असताना. म्हणजे आपण नकळत आपल्या अंगाच्या वासाशी जुळणारे अत्तर निवडत असावे. हा निष्कर्ष मला महत्त्वाचा वाटतो. ‘सगळ्या माणसांवर सगळे अगदी सारखे’ असे म्हणणाऱ्यालाही तो अडवतो. मात्र प्रयोग काखेत झाला, हे लक्षात ठेवा. काखेतल्या विशिष्ट घर्मग्रंथींचा स्राव आणि त्यावर जगणारे जिवाणू यांतून अंगाचा तीव्र वास तयार होतो. तो किती होईल हे काही अंशी एबीसीसी११ नावाच्या जनुकावरही ठरते. पूर्व आशियातील बहुसंख्य लोकांत त्याचे असे रूप असते की काखेला फारसा वासच येत नाही. मनगटावर या ग्रंथी नसतात. अत्तराची परीक्षा आपण मनगटावर करतो आणि स्पष्टीकरण काखेचे देतो!

माझ्या मते खरा मोठा फरक नाकांत आहे. माणसाच्या नाकात गंधग्राहींचे सुमारे चारशे कार्यक्षम प्रकार असतात, आणि प्रत्येकामागे एक जनुक. २०१४ मध्ये जोएल मेनलँड आणि सहकाऱ्यांनी दाखवले की कोणत्याही दोन माणसांत या जनुकांच्या तीस टक्क्यांहून अधिक रूपांच्या कार्यात फरक असावा. याची ठोस उदाहरणेही सापडली आहेत. व्हायोलेटच्या फुलातला बीटा-आयोनोन काहींना फुलासारखा सुगंधी वाटतो, काहींना आंबट आणि उग्र. २०१३ मध्ये हा फरक ओआर५ए१ या एका ग्राहीच्या जनुकाशी जोडला गेला. कृत्रिम कस्तुरीतील गॅलॅक्सोलाइड काहींना मुळीच येत नाही. २०२२ मध्ये त्याचाही संबंध ओआर४डी६ या ग्राहीशी लागला. अत्तराचा तळ अशाच पदार्थांनी भरलेला असतो. ज्याला तळाची कस्तुरी येत नाही, त्याच्या लेखी दोन तासांनी फक्त पचौली आणि कोरडा धूप उरतो. ज्याला येते, त्याला तेच मऊ, धुतलेल्या कपड्यासारखे वाटते. आमच्या पाच जणांत शेवटपर्यंत न मिटलेला वाद हाच होता, आणि गंमत अशी की आमची एक सहकारी प्रत्येकाच्या मनगटावर, कागदावरसुद्धा, तेच सांगत होती. वेगळेपण तिच्या मनगटात असते तर कागदावर ते दिसायला नको होते.

आणि नाकाच्याही मागे मेंदू आहे. २००१ मध्ये रेचल हर्झ आणि जुलिया फॉन क्लेफ यांनी एकच गंध वेगवेगळ्या नावांनी लोकांपुढे ठेवला. आयसोव्हॅलेरिक आणि ब्युटिरिक आम्लांच्या मिश्रणाला ‘पार्मेझान चीज’ म्हटले की लोकांना तो बरा वाटे, ‘ओकारी’ म्हटले की किळसवाणा. तेव्हा ‘मध्यरात्रीची मिस्सा’ हे नाव निरुपद्रवी समजू नका. ज्याने लहानपणी चर्चमध्ये झुलते धूपपात्र पाहिले आहे, त्याला पहिल्या मिनिटापासून धूप येऊ लागतो. आपल्याकडे बोळ आणि राळ यांचा वास बाळंतिणीच्या खोलीशी किंवा तिन्हीसांजेच्या धुरीशी जोडलेला असतो. त्या नाकाला तळघर आठवायचे कारण नाही. सुगंधकारांनी या नावाने श्रोत्याला आधीच हाताला धरून नेले आहे, आणि ही गोष्ट मला खटकते. अत्तर चांगले आहे. पहिला अर्धा तास तर उत्तमच. मधला भाग रिकामा आहे, तिथे थोडे फूल किंवा मसाला अधिक हवा होता. ती पोकळी नावाने भरून काढली आहे. आणि ‘ते प्रत्येकावर वेगळे उमलते’ अशी जी ख्याती त्याला मिळाली आहे, तीही बरीचशी या पोकळीचीच देणगी. चपळ आणि चिवट यांच्यामध्ये दुवा नसल्यामुळे जो तो आपल्याला सापडलेले टोक म्हणजेच पूर्ण अत्तर समजतो.

शिक्षकांपुढे हे सगळे मांडण्याचे कारण अत्तर नव्हे. वर्गात ‘त्याच्या अंगाला वास येतो’ हे वाक्य दर वर्षी कुणा ना कुणा मुलाच्या वाट्याला येते. वासावरून मग त्याची वस्ती, त्याचे घर, त्याचे खाणे काढले जाते. ‘काहींची कातडीच तशी’ या समजुतीला दुकानदाराच्या तोंडून शास्त्राची झूल मिळाली, की ते वाक्य आणखी जड होते. वास घेणाऱ्याच्या नाकाचा आणि मनाचा त्यात किती भाग असतो, हे मुलांना स्वतः पाहता आले पाहिजे.

त्यासाठी महागडी बाटली लागत नाही. चित्रकलेच्या जाड कागदाच्या बोटभर रुंदीच्या पट्ट्या कापा. काहींवर संत्र्याची ताजी साल पिळून तेल उडवा. काष्ठौषधींच्या दुकानातून सालईचा डिंक किंवा लोबान आणून त्याची पूड थोड्या स्पिरिटमध्ये रात्रभर भिजवा. त्याचा एक थेंब काही पट्ट्यांवर टाका. आणि काहींवर दोन्ही. स्पिरिट शिक्षकांनीच हाताळावे, जवळ ज्योत नको, आणि खोलीच्या खिडक्या उघड्या असाव्यात. दम्याची तक्रार असलेल्या मुलाला नोंदी लिहायचे काम द्या. सालीचे तेल कातडीवर मात्र लावू देऊ नका. लिंबूवर्गीय सालींच्या काही तेलांत, विशेषतः बर्गमॉट आणि लिंबाच्या, असे पदार्थ असतात की उन्हात गेल्यावर कातडी भाजल्यासारखी होते. शिवाय हवेत जुने झालेले लिमोनिन ॲलर्जी आणू शकते. पट्ट्यांना फक्त क्रमांक द्या. लावल्याबरोबर, दहा मिनिटांनी, अर्ध्या तासाने, तासाने आणि दुसऱ्या दिवशी सकाळी वास घेऊन प्रत्येकाने एकेक शब्द लिहायचा, आणि सगळ्यांचे लिहून होईपर्यंत एकमेकांशी बोलायचे नाही. नंतर फळ्यावर दोन तक्ते करा. एकात एकाच वेळी लिहिलेले वेगवेगळ्या मुलांचे शब्द, दुसऱ्यात एकाच मुलाचे वेगवेगळ्या वेळचे शब्द. कोणत्या तक्त्यात फरक जास्त, ते मुलांनाच मोजू द्या. आमच्यासारखी सुट्टीतली भांडणे होतील, पण या वेळी हातात नोंदी असतील.

एक पट्टी मात्र साध्या पाण्यात बुडवून ठेवा आणि तिलाही क्रमांक द्या. १८९९ मध्ये अमेरिकेतील वायोमिंग विद्यापीठाचे रसायनशास्त्राचे प्राध्यापक एडविन स्लॉसन यांनी व्याख्यानात कापसावर एका बाटलीतले द्रव ओतले आणि वास पोचेल तसे हात वर करायला सांगितले. पंधरा सेकंदांत पहिल्या रांगेतले बहुतेक हात वर गेले, आणि मिनिटभरात सुमारे तीन चतुर्थांश श्रोत्यांना वास आला. पुढच्या रांगेतल्या काहींना तो इतका असह्य झाला की प्रयोग थांबवावा लागला. बाटलीत ऊर्ध्वपातित पाणी होते. तुमच्या वर्गात पाण्याच्या पट्टीपुढे किती जण ‘संत्रे’ लिहितात आणि किती जण ‘धूप’, ते जरूर नोंदवा. आणि ती पट्टी कोणती होती, हे दुसऱ्या दिवसापर्यंत कुणालाही सांगू नका.